फाउल ठरतो शॉटच्या आधी : व्यावसायिक पूलमधल्या पंचगिरीचा आढावा

नाइन-बॉल पूलमध्ये फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याला पांढरा बॉल हातात मिळतो आणि टेबलावर हवा तिथे ठेवून खेळता येतो. याला ‘बॉल इन हँड’ म्हणतात. टेबलावर फारसा गुंता नसेल आणि समोरचा खेळाडू अव्वल दर्जाचा असेल, तर ती रॅक, म्हणजे तो डाव, गेल्यातच जमा. आधी नऊ किंवा अकरा रॅक घेणारा जिंकतो अशा सामन्यात एका फाउलच्या निर्णयाने पारडे सहज फिरते. स्नूकरमध्ये फाउलला कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त ७ गुण जातात, आणि ते भरून काढायला फ्रेममध्ये वाव असतो. पूलमध्ये तो नसतो. त्यामुळे पूलमधले फाउलचे वाद इतके कडवट का होतात, याचे पहिले उत्तर शिक्षेच्या आकारातच आहे.

ही शिक्षा पहिल्यापासून एवढी कडक नव्हती. जुन्या अमेरिकन पद्धतीत एकाच खेळाडूचे लागोपाठ दोन फाउल झाले तरच बॉल हातात मिळे. ‘टेक्सस एक्सप्रेस’ या नावाने ओळखले जाणारे नियम १९८० आणि १९९०च्या दशकांत पसरले, तेव्हा पहिल्याच फाउलला बॉल इन हँड आला. खेळ वेगवान झाला, दूरचित्रवाणीला सोयीचा झाला. पण नियमाची धार वाढली त्या प्रमाणात पंचांची व्यवस्था वाढली नाही. आज दिसणारे बहुतेक वाद या दरीतून आलेले आहेत.

पंच असतो कुठे?

दूरचित्रवाणीवर मॉस्कोनी कप पाहणाऱ्याला वाटते की प्रत्येक टेबलाशी हातमोजे घातलेला पंच उभा असतो. १९९४ पासून चालत आलेल्या युरोप विरुद्ध अमेरिका या स्पर्धेत एकच टेबल असते, तिथे हे जमते. पण मॅचरूम या आयोजक कंपनीने अटलांटिक सिटीत घेतलेल्या यू. एस. ओपनमध्ये २५६ खेळाडू उतरत होते. सुरुवातीच्या फेऱ्यांत एका सभागृहात कितीतरी टेबलांवर एकाच वेळी खेळ चालतो. प्रत्येक टेबलाला एक पंच देणे आयोजकांना परवडत नाही. मग मोजके पंच फिरते राहतात. आपल्या टेबलावर अवघड शॉट आला की खेळाडूने हात वर करायचा, पंचाला बोलवायचे, तो येईपर्यंत थांबायचे आणि मग खेळायचे, अशी रीत आहे.

१९८७ साली स्थापन झालेल्या जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूपीएच्या नियमांनी ही अडचण ओळखली आहे. पंच असेल तर कोणत्याही बॉलला हात, बाही किंवा क्यू लागला तरी फाउल धरता येतो. पंच नसेल तर फक्त पांढऱ्या बॉलला झालेला स्पर्श फाउल धरून सामना खेळवता येतो, कारण दोघा खेळाडूंनी पंधरा फूट अंतरावरून एकमेकांच्या बाहीवर लक्ष ठेवणे शक्य नाही. दुसरा नियम मुदतीचा आहे. पुढचा शॉट सुरू होण्याआधी फाउल पुकारला नाही, तर तो झालाच नाही असे मानायचे. तिसरा संशयाचा. पांढरा बॉल योग्य आणि अयोग्य बॉलला जवळपास एकाच क्षणी लागला आणि आधी कोणाला लागला हे ठरवता येत नसेल, तर योग्य बॉल आधी लागला असे धरायचे.

हे तिन्ही नियम वाचायला सोपे आहेत. टेबलावर मात्र प्रत्येकातून एक पळवाट निघते. पंच नसताना प्रतिस्पर्धी फाउल म्हणतो, खेळणारा नाही म्हणतो. तिसऱ्या कोणी पाहिलेले नसते. पंच येतो आणि विचारतो, ‘काय झाले?’ त्याला दोन वेगवेगळ्या कहाण्या ऐकायला मिळतात. त्याने काहीच पाहिलेले नसल्याने तो बहुधा खेळणाऱ्याच्या बाजूने निर्णय देतो. निर्णय रीतीला धरून असतो, पण दुसरा खेळाडू उरलेला सामना मनात डूख धरून खेळतो.

कुशनला लागला की नाही

वादग्रस्त फाउलांची उतरंड लावली तर सर्वात जास्त वेळा समोर येणारा, पण बाहेर सर्वात कमी बोलला जाणारा फाउल कुशनचा आहे. नाइन-बॉलमध्ये पांढऱ्या बॉलने टेबलावरच्या सर्वात लहान आकड्याच्या बॉलला आधी स्पर्श करायचा, आणि त्यानंतर एखादा बॉल पॉकेटमध्ये गेला पाहिजे किंवा कोणत्या तरी बॉलने कुशन गाठले पाहिजे. सेफ्टी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपा शॉट मिळू नये असा बचावाचा शॉट, खेळताना हेच अवघड होते. खेळाडू तीन नंबरच्या बॉलला हलकासा धक्का देतो, तो सरपटत कुशनकडे जातो आणि कुशनजवळ थांबतो. लागला, की केसभर अलीकडे थांबला?

त्याहून नाजूक प्रकार कुशनला आधीपासून टेकलेल्या बॉलचा. तीन नंबर कुशनला चिकटलेला असेल, तर त्याने तिथल्या तिथे कुशनवर दाबले जाणे पुरेसे नाही. तो सुटून परत कुशनला लागला पाहिजे, दुसऱ्या कुशनला लागला पाहिजे, किंवा पांढऱ्याने नंतर कुशन गाठले पाहिजे. पण तो चिकटलेला होता हे कोणी ठरवायचे? नियम सांगतो की पंचाने किंवा खेळाडूने तसे आधी जाहीर केले तरच तो चिकटलेला मानायचा. व्यवहारात काय होते ते पाहा. खेळणारा वाकतो, शॉट मारतो, बॉल तिथेच थरथरतो. प्रतिस्पर्धी खुर्चीतून उठून म्हणतो, ‘तो टेकलेला होता.’ खेळणारा म्हणतो, ‘मध्ये कागद गेला असता.’ आता बॉल हललेला आहे, कागद घालून पाहायची वेळ निघून गेली आहे. दहा सेकंद आधी प्रतिस्पर्ध्याने उठून ‘हा टेकलेला आहे का, पाहू’ एवढे म्हटले असते, तर हा वाद जन्मालाच आला नसता.

किक शॉटमध्ये, म्हणजे पांढरा बॉल आधी कुशनवर आपटून मग लपलेल्या बॉलपर्यंत नेताना, अडचण दुप्पट होते. १९९५ साली रेनो इथल्या सँड्स रीजन्सी ओपनच्या अंतिम सामन्यात एफ्रेन रेयेसने अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध दोन कुशनवरून खेळलेला ‘झेड’ शॉट आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात. असा शॉट स्वच्छ लागला की सगळे टाळ्या वाजवतात. पण किक शॉट काठावरून गेला, शेजारच्या बॉलला आधी लागला की योग्य बॉलला, हा प्रश्न आला की पंच कुठे उभा होता यावर सगळे अवलंबून असते. दोन बॉलांमधली फट दिसेल अशा जागी तो आधीच उभा असेल तरच त्याच्या निर्णयाला वजन येते.

दोनदा लागलेला क्यू

पूलमधला सर्वात गाजणारा फाउल म्हणजे डबल हिट. पांढरा बॉल आणि समोरचा बॉल यांच्यात बोटभरही अंतर नसते. खेळाडू सरळ समोर मारतो. क्यूची टिप पांढऱ्याला लागते, पांढरा पुढच्या बॉलवर आदळतो आणि जवळजवळ थांबतो. क्यू मात्र अजून पुढे येतच असतो, आणि तो थांबलेल्या पांढऱ्याला परत ढकलतो. हा फाउल आहे. पण टिप आणि बॉल यांचा स्पर्श साधारण एक हजारांश सेकंदच टिकतो. हे डोळ्यांनी पाहणे माणसाच्या आवाक्यातले नाही.

मग पंच काय पाहतो? तो स्पर्श पाहत नाही, परिणाम पाहतो. समान वजनाचे दोन बॉल समोरासमोर आदळले की पहिल्याचा वेग दुसऱ्याकडे जातो. म्हणजे पांढऱ्याला मधोमध मारले तर तो टक्करीनंतर थबकला पाहिजे. त्याला वरून फिरकी दिली असेल तर तो क्षणभर थांबून मग हळूहळू पुढे घरंगळला पाहिजे. तो जर समोरच्या बॉलच्या पाठोपाठ त्याच वेगाने, न थांबता निघाला, तर त्याला दुसरा धक्का मिळालेला आहे. आवाजही काही सांगतो. स्वच्छ शॉटचा टणत्कार वेगळा आणि दोनदा लागलेल्या क्यूचा फुटका आवाज वेगळा. अनुभवी पंच बॉलांच्या रेषेला काटकोनात, वाकून, कापडाच्या पातळीवर डोळे आणून उभा राहतो, कारण मागून पाहिले तर फटच दिसत नाही. जाणकारांचा ठोकताळा असा, की अंतर खडूच्या एका ठोकळ्याहून कमी असेल तर सावध व्हावे. खेळाडूही अशा वेळी क्यू उचलून किंवा कोनातून मारतात, म्हणजे टिप पुढे जाऊन परत लागत नाही.

नियमात अपवादही आहेत आणि तेच गोंधळाचे कारण ठरतात. पांढरा जवळच्या बॉलला अगदी निसटता लागला, तर डबल हिट झाला नाही असे मानायचे. आणि दोन्ही बॉल आधीपासून एकमेकांना टेकलेले असतील तर त्या बॉलच्या दिशेने मारायला डब्ल्यूपीएची परवानगी आहे. स्नूकरमधून पूलकडे वळलेल्या माणसाला हे धक्कादायक वाटते, कारण स्नूकरमध्ये टेकलेल्या बॉलपासून दूर मारायचे असते आणि तो हलला तर फाउल होतो. म्हणजे दोन बॉल टेकलेले आहेत की त्यांच्यात अर्धा मिलिमीटर अंतर आहे, यावर तोच शॉट वैध किंवा फाउल ठरतो. हा प्रश्न शॉटनंतर सोडवता येत नाही. शॉटच्या आधी पंचाने वाकून पाहून ‘टेकलेले’ किंवा ‘न टेकलेले’ असे मोठ्याने सांगितले तरच तो सुटतो.

कॅमेरा किती उपयोगाचा

सामना पडद्यावर दिसू लागल्यापासून प्रत्येक वादात कोणीतरी म्हणते, ‘रिप्ले पाहा.’ क्रिकेटमध्ये बॅटची कड मायक्रोफोनने पकडता येते, मग इथे का नाही? यामागचे गणित साधे आहे. नेहमीचा दूरचित्रवाणी कॅमेरा सेकंदाला ५० चित्रे घेतो असे धरू. दोन चित्रांमध्ये २० हजारांश सेकंद जातात. पांढरा बॉल सेकंदाला दोन मीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्यात तो चार सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. पूलच्या बॉलचा व्यासच ५७.१५ मिलिमीटर. म्हणजे आधी कुठला बॉल लागला आणि नंतर कुठला, हे दोन चित्रांच्या मधल्या अंधारात घडून जाते. फोनमधले सेकंदाला २४० चित्रांचे स्लो मोशन घेतले तरी दोन चित्रांत सुमारे आठ मिलिमीटरचे अंतर राहते. डबल हिटच्या एक हजारांश सेकंदाच्या स्पर्शासाठी तेही पुरत नाही.

म्हणून रिप्लेचा खरा उपयोग मर्यादित आहे. बॉल चुकून हलला तर तो पूर्वी नेमका कुठे होता, बाही लागली की नाही, बॉल कुशनपर्यंत पोहोचला की नाही, हे तो चांगले दाखवतो. स्नूकरचे पंचही बॉल परत जागेवर ठेवताना पडद्याची मदत घेतात. पण आधी कोणाला लागला आणि दोनदा लागला का, या प्रश्नांवर रिप्ले बहुधा वाद वाढवतो. प्रत्येक जण थांबवलेल्या चित्रात आपल्याला हवे ते पाहतो. अशा वेळी टक्करीनंतर बॉल कुठे गेले हे पाहणारा शहाणा पंच कॅमेऱ्यापेक्षा भरवशाचा ठरतो.

घड्याळ, ब्रेक आणि तीन फाउल

काही वाद स्पर्शाचे नसून हिशेबाचे असतात. मॉस्कोनी कपमध्ये प्रत्येक शॉटला ३० सेकंद असतात आणि दर रॅकला एकदा वेळ वाढवून मिळते. वेळ संपली की फाउल. इथे घड्याळ स्पष्ट असल्याने भांडण कमी होते. नाइन-बॉलमध्ये लागोपाठ तीन फाउल केले तर रॅक जाते, पण दुसऱ्या फाउलनंतर खेळाडूला तशी सूचना द्यावी लागते. सूचना दिली नसेल तर तिसरा फाउल तिसरा धरला जात नाही. सूचना कोणी, केव्हा, किती मोठ्याने दिली यावर अख्खी रॅक अडकून राहू शकते.

ब्रेकचा, म्हणजे रचलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या शॉटचा, इतिहास बोलका आहे. २००१ साली यू. एस. ओपनच्या अंतिम सामन्यात कोरी ड्युएलने मिका इमोनेनला ११-० असे हरवले, तेव्हा त्याचा हळुवार ब्रेक चर्चेचा विषय झाला. जोरात फोडण्याऐवजी बॉल काळजीपूर्वक सोडवायचे आणि हवा तो बॉल पॉकेटमध्ये पाडायचा, हे तंत्र नियमात बसत होते, पण प्रेक्षकांना आवडत नव्हते. पुढे अनेक स्पर्धांनी ब्रेकवर किमान तीन बॉल पडलेच पाहिजेत किंवा टेबलाच्या वरच्या भागातील ठरावीक रेषेपलीकडे गेलेच पाहिजेत अशी अट घातली. एका पळवाटेवर उपाय झाला आणि पंचाच्या खांद्यावर नवे काम आले. धावणाऱ्या नऊ बॉलांमधून कोणी रेषा ओलांडली हे मोजण्याचे. ठरवून खेळायच्या टेन-बॉलचेही असेच आहे. २००८ साली मनिलातल्या जागतिक टेन-बॉल स्पर्धेत डॅरेन ॲपलटन जिंकला, आणि आधी सांगितलेलाच बॉल सांगितलेल्याच पॉकेटमध्ये जायला हवा या नियमाला मोठे व्यासपीठ मिळाले. त्याबरोबर ‘तू कुठलं पॉकेट म्हणालास’ हा नवा वादही जागतिक दर्जाला पोहोचला. प्रत्येक नवा नियम एक जुना वाद मिटवतो आणि पंचाच्या वहीत एक ओळ वाढवतो.

माणूस म्हणून पंच

हे सगळे तंत्र बाजूला ठेवले तरी पंचाचा अधिकार मानला जातो का, हा प्रश्न उरतो. अर्ल स्ट्रिकलंडइतका प्रतिभावान आणि तापट खेळाडू पूलने क्वचितच पाहिला. तो १९९०, १९९१ आणि २००२ साली जगज्जेता झाला. २००३ साली कार्डिफच्या जागतिक स्पर्धेत, स्नूकरचा सहा वेळचा जगज्जेता स्टीव डेविसविरुद्धच्या लढतीत, त्याची प्रेक्षकांशी आणि पंच मायकेला टॅब यांच्याशी जाहीर शाब्दिक चकमक झाली. टॅब मूळच्या पूलच्या पंच. पुढे २००९ साली त्या जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या पहिल्या महिला पंच ठरल्या. त्या चकमकीतून शिकण्यासारखे हेच, की शांत आवाजात, एकाच वाक्यात, कारणासह दिलेला निर्णय टिकतो. पंच अडखळला की खेळाडू त्याच्यावर चढतो.

दुसरी बाजू खेळाडूच्या प्रामाणिकपणाची. स्नूकरमध्ये पंचाला न दिसलेला फाउल स्वतःहून सांगण्याची परंपरा इतकी मुरलेली आहे की तसे न करणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात. पूलची वाढ मात्र पैजेच्या टेबलांवर झाली. तिथे ‘तुला दिसले नाही तर तो फाउल नाही’ हा अलिखित नियम होता. आजच्या व्यावसायिकांमध्ये दोन्ही वळणांची माणसे आहेत. काही जण हात वर करून ‘माझा फाउल’ म्हणतात, काही जण खुर्चीकडे पाहून वाट बघतात. नियमपुस्तकात खेळाडूवृत्तीचे कलम आहे, पण त्याने माणूस बदलत नाही.

याच्या जोडीला नियमपुस्तकांची विविधता आहे. डब्ल्यूपीएचे नियम, २०२३ पासूनच्या मॅचरूमच्या जागतिक नाइन-बॉल टूरचे स्वतःचे नियम, अमेरिकेतल्या लीगचे नियम, इंग्लंडच्या लहान टेबलावरचे नियम. एकाच महिन्यात दोन स्पर्धा खेळणाऱ्या खेळाडूला डबल हिट, चिकटलेला बॉल आणि वैध ब्रेक यांच्या व्याख्या बदलून सांगितल्या जातात. अर्धे वाद तर खेळाडू दुसऱ्याच स्पर्धेच्या नियमाने भांडतो म्हणून होतात.

आपल्याकडे

भारतात पूल अजून स्नूकर-बिलियर्ड्सच्या सावलीत आहे. भारतीय बिलियर्ड्स आणि स्नूकर महासंघ राष्ट्रीय पातळीवर पूलचे प्रकारही घेतो. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत मात्र टेबलाचा खरा राखणदार मार्कर असतो. तो बॉल रचतो, गुण मांडतो, आणि दोन सभासदांत वाद झाला की दोघांची नजर त्याच्याकडे वळते. त्यातले अनेक जण स्वतः उत्तम खेळतात आणि बॉल कुठे जाईल हे त्यांना अचूक कळते. पंचगिरीचे जे बीज लागते, म्हणजे परिणामावरून कारण ओळखण्याची नजर, ती त्यांच्याकडे आहे. उणीव आहे ती नियमाच्या भाषेची आणि निर्णय मोठ्याने सांगण्याच्या सवयीची. पूल पार्लरमध्ये तर तेही नाही. तिथे नियम पैसे भरणाऱ्याच्या सोयीने बदलतात.

या सगळ्याचा निष्कर्ष असा. पूलमधले बहुतेक वाद पंचाच्या नजरेच्या चुकीने होत नाहीत. पंचाला योग्य वेळी, योग्य जागी उभे न केल्याने होतात. म्हणून सुधारणाही शॉटच्या आधीच व्हायला हवी. अवघड शॉटपूर्वी पंच बोलावणे खेळाडूचा हक्क न राहता कर्तव्य व्हावे. बोलावले नाही तर नंतर तक्रार ऐकू नये. बॉल टेकलेला आहे की नाही हे जाहीर केल्याशिवाय सेफ्टी खेळू देऊ नये. रिप्ले बॉलांच्या जागेसाठी आणि कुशनसाठी वापरावा, डबल हिटसाठी वापरू नये. आणि प्रत्येक स्पर्धेने आपले नियम टेबलाशेजारी एका पानावर टांगावेत. यातल्या एकाही गोष्टीला नवा कॅमेरा लागत नाही.

महाराष्ट्रातल्या क्लबांनी आणि पार्लरवाल्यांनी पुढची पूल स्पर्धा भरवण्याआधी एक दिवस आपल्या मार्करांना बसवून कुशनचा, टेकलेल्या बॉलचा आणि डबल हिटचा नियम टेबलावर बॉल मांडून समजावून द्यावा. बक्षिसाच्या रकमेपेक्षा हा खर्च कमी येईल, आणि स्पर्धेचे नाव मात्र त्याच्यामुळेच राहील.